विश्वामित्रीकाठचा आलिशान फ्लॅट: आधी तळघर बघा, मग बाल्कनी

सॅम्पल फ्लॅट दाखवणारा माणूस तुम्हाला लिफ्टने थेट वरच्या मजल्यावर नेतो, सरकतं काचेचं दार उघडतो आणि दोन पावलं मागे सरून गप्प उभा राहतो. खाली विश्वामित्रीचं वळण, झाडी, लांबवर राजवाड्याचा मनोरा. तिथे मन बनतं आणि पुढचे सगळे प्रश्न औपचारिक होऊन जातात. म्हणून बडोद्यात पाण्याकाठचं घर उलट्या क्रमाने बघावं: आधी आजूबाजूचा रस्ता, मग तळघर, मग विजेची पॅनेल रूम आणि जिना, शेवटी बाल्कनी. पुण्या-मुंबईहून नव्याने आलेले असोत की दांडिया बाजार, रावपुऱ्यातला जुना वाडा सोडून निघालेले असोत, दोघांनाही हाच क्रम लागू.

इथली भाषा

कायदा तोच, पण शब्द निराळे. गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेराच्या जागी इथे गुजरेरा. रेडीरेकनरला, म्हणजे सरकारी दरपत्रकाला, जंत्री. ताबा घेण्याआधीचा नोंदणीकृत करार म्हणजे बानाखत आणि अंतिम खरेदीखत म्हणजे दस्तावेज. ओसीला इथे सगळे बीयू म्हणतात, म्हणजे इमारत वापरायची परवानगी. स्टिल्टच्या मोकळ्या तळमजल्याला हॉलो प्लिंथ. पावसाचं पाणी नदीकडे नेणारा मोठा नाला म्हणजे कांस (भूखी कांस, मसिया कांस, रूपारेल कांस ही नावं पाठ करून ठेवा) आणि नदीला मिळणाऱ्या घळींना कोतर. ब्रोशरवर कॉन्डो, रेसिडेन्सेस, रिव्हरफ्रंट काहीही छापलेलं असो, कागदावर बहुतेक वेळा शेवटी सर्व्हिस सोसायटीच निघते.

पहिली फेरी: पाणी कुठवर आलं होतं

विश्वामित्री पावागडावरून येते, शहरातून वळणं घेत जाते आणि पुढे ढाढरला मिळते. शहरात किती पाऊस पडला एवढ्यावर तिचा पूर ठरत नाही; वरच्या भागात किती पडला आणि आजवा सरोवरातून किती पाणी सोडलं, यावर ठरतो. त्यामुळे शहरात ऊन पडलेलं असतानाही पाणी चढत राहतं. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात २४ तासांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये काळा घोडा पुलाजवळची पातळी ३५ फुटांच्या वर गेली. धोक्याची खूण आहे २६ फुटांवर. अकोटा, समा, फतेगंज, मुजमहुडा, वडसर अशा बऱ्याच भागांत लोक काही दिवस घरातच अडकून होते.

इथे एक चूक हटकून होते. ३५ वजा २६, म्हणजे आपल्या गेटवर ९ फूट पाणी, असा हिशोब लोक करतात किंवा सेल्स ऑफिसवाला उलटा करून दाखवतो. काळा घोड्याचा आकडा हा त्या जागच्या मोजपट्टीवरचा आकडा आहे. तुमच्या प्लॉटची उंची त्यात नाही. तुम्हाला हवे आहेत दोन आकडे, एकाच संदर्भ-पातळीवर मोजलेले: २०२४ च्या पुराची त्या जागेवरची सर्वात वरची रेषा आणि इमारतीच्या जोत्याची पातळी. जोत्याची पातळी बिल्डरच्या सर्व्हेअरकडे असतेच, कारण त्याशिवाय ड्रेनेजचा उतार काढताच येत नाही; पुराची रेषाही त्याच संदर्भाने मोजून द्यायला सांगा. लेखी मागा. जोतं पुराच्या रेषेच्या निदान अर्धा मीटर वर हवं.

कागद मिळेपर्यंत स्वतः चाला. प्रकल्पाच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा किलोमीटर जा. जुन्या बंगल्यांच्या कंपाउंडवर मातकट रेघ, नव्याने उंच केलेला उंबरा, विजेच्या मीटरची वर हलवलेली पेटी, दुकानात खालचं फडताळ रिकामं ठेवण्याची सवय, या खुणा खोटं बोलत नाहीत. इस्त्रीवाला, वॉचमन, किराणावाला यांना २०१९ आणि २०२४ असं वेगवेगळं विचारा, कारण पहिल्यात कोरडी राहिलेली काही ठिकाणं दुसऱ्यात बुडाली. पाणी आलं का, एवढंच विचारून थांबू नका. किती दिवस राहिलं आणि कोणत्या रस्त्याने ओसरलं, हेही विचारा. घर कोरडं पण रस्ता चार दिवस बंद, हीसुद्धा पुराचीच एक तऱ्हा आहे, आणि घरात डायलिसिसवरचा माणूस असेल तर तीच जास्त महागात पडते.

प्लॉट बुजवलेल्या कोतरावर किंवा कांसच्या जुन्या मार्गावर आहे का, हे जुन्या उपग्रह-चित्रांत दिसतं. गूगल अर्थवर मागची वर्षं सरकवून बघा. पाणी आपली जुनी वाट विसरत नाही. मातीचा भराव तर आधी खचतो. नदीच्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला प्रवाह काठ कुरतडतो आणि आतल्या बाजूला गाळ टाकतो, तेव्हा बाहेरच्या वळणावरची इमारत असेल तर काठ धरून ठेवणाऱ्या रिटेनिंग वॉलचं डिझाइन कोणी केलं आणि भिंत प्लॉटच्या हद्दीत आहे की नदीच्या, हे विचारा. नदी, तलाव आणि कांस यांपासून किती अंतर सोडायचं ते जीडीसीआरमध्ये, म्हणजे बांधकामाच्या विकास नियमावलीत, ठरलेलं आहे. मंजूर लेआउटवर ते मीटरमध्ये लिहिलेलं असतं. तिथे बोट ठेवून दाखवायला सांगा.

गोत्री किंवा सुरसागरसारख्या तलावाकाठी हा त्रास पुष्कळ कमी. पातळी बरीचशी स्थिर असते. तिथे फक्त तलाव भरल्यावर पाणी कुठे जातं ते बघायचं.

आणि नदी एकदा मे महिन्यात संध्याकाळी बघायला जा. पावसाळ्यातली भरलेली विश्वामित्री ब्रोशरमध्ये असते; उन्हाळ्यात धार बारीक होते, वास आणि डास वाढतात. मगरी मात्र बारा महिने असतात. पुरात त्या सोसायट्यांच्या आवारात येतात, म्हणून नदीकडची कंपाउंड भिंत सलग आहे का, खालून ड्रेनच्या तोंडाला मजबूत जाळी आहे का, हे बघणं बडोद्यात हसण्यावारी नेण्यासारखं नाही. नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या आणि लाकडी डेक चित्रात सुंदर दिसतात. लहान मुलं असतील तर त्यांना कुलूप लागतं का ते विचारा.

तळघर आणि पॅनेल रूम

तळघरात किती पंप आहेत हे सगळे अभिमानाने सांगतात. जरा आकडेमोड करू. ६ मीटर रुंद, २० मीटर लांब उघडा रॅम्प म्हणजे १२० चौरस मीटर. तासाला १०० मिलिमीटर असा झोडपणारा पाऊस धरला तरी त्यावरून तासाला १२ घनमीटर पाणी येतं, म्हणजे मिनिटाला २०० लिटर. साधा पंप हे सहज उपसतो. पण रस्त्यावरचं पाणी रॅम्पच्या तोंडावरून आत शिरलं की गोष्ट बदलते. २,००० चौरस मीटरचं तळघर ३ मीटर भरलं म्हणजे ६,००० घनमीटर, साठ लाख लिटर. मिनिटाला १,००० लिटर उपसणारा पंप अखंड चालला तरी १०० तास लागतील, आणि तेव्हा वीज असेलच असं नाही. तेव्हा पंपांच्या संख्येपेक्षा रॅम्पच्या तोंडाचा उंचवटा महत्त्वाचा. तो पुराच्या रेषेच्या वर आहे का? नसेल तर तिथे बसवायचं फ्लड गेट आहे का, ते कुठे ठेवलंय आणि रात्री दोन वाजता दोन वॉचमन ते बसवू शकतात का? शेवटचा प्रश्न हसत विचारा, पण विचारा. तळघराला उजेड-वाऱ्यासाठी ठेवलेले झरोके जमिनीलगत असतील तर उंचवट्याचा काही उपयोग नाही. पाणी तिथून येतं.

त्यानंतर या गोष्टींची जागा पाहायची, आणि त्या कुठे आहेत यापेक्षा किती उंचीवर आहेत हे लिहून घ्यायचं: ट्रान्सफॉर्मर, मुख्य पॅनेल, मीटर रूम, जनरेटर, पाण्याचे आणि आगीचे पंप. पूर आला की वीज कंपनी सुरक्षेसाठी त्या भागाचा पुरवठा बंद करते. तिथे तुमच्या हातात काही नाही. पण जनरेटर तळघरात असेल तर नेमक्या त्याच वेळी तोही पाण्याखाली असतो. पाणी ओसरल्यावर वीज येते, तरी भिजलेलं पॅनेल सुकवून तपासेपर्यंत जोडता येत नाही. अठराव्या मजल्यावरच्या माणसाला पुराचं पाणी कधीच लागत नाही. त्याला लागतो तो जिना. म्हणून ‘आम्ही वर राहतो, आम्हाला काय’ हा विचार नदीकाठी चुकीचा आहे. पॅनेल आणि जनरेटर पहिल्या मजल्याच्या पातळीवर किंवा उंच ओट्यावर घेतलेली इमारत दिसली, तर आर्किटेक्टने शहर पाहिलंय असं समजायला हरकत नाही.

जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण जमिनीच्या सपाटीला असेल तर पुराचं पाणी थेट पिण्याच्या पाण्यात. झाकणाची कड उंच हवी. तळघरातलं ड्रायव्हरचं संडास आणि ड्रेनेजचा शेवटचा चेंबर, दोन्हीकडे उलट पाणी रोखणारा व्हॉल्व्ह हवा. नाहीतर रस्ता कोरडा असूनही मैला उलटा वर येतो. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी कळणारा सेन्सर आणि पाणी आल्यावर लिफ्ट आपोआप वरच्या मजल्यावर जाऊन थांबण्याची सोय फार खर्चाची नसते, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

पुरासाठी उंच केलेल्या हॉलो प्लिंथची दुसरी बाजूही आहे. तळाला नुसते खांब आणि वर भिंतींचा भार, अशी मऊ तळमजल्याची इमारत भूकंपात खालच्या पातळीवरच मोडते. २००१ मध्ये अहमदाबादेत पडलेल्या इमारतींत हे दिसलं होतं. स्ट्रक्चरल ड्रॉइंगमध्ये लिफ्ट-जिन्याभोवती आणि इतर जागी काँक्रीटच्या सलग भिंती तळापर्यंत उतरल्या आहेत का, हे एखाद्या ओळखीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. सोबत मातीचा अहवालही. काठची माती गाळाची आणि चिकण असते, पाइल फाउंडेशन (जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांचा पाया) आहे की नाही आणि किती खोल, हे त्यातून कळतं.

ऊन कुठून येतं

विश्वामित्री शहरातून साधारण उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. म्हणजे पूर्व काठावरच्या इमारतीला नदी पश्चिमेला, आणि ‘रिव्हर व्ह्यू’ बेडरूमला एप्रिल-मेची दुपार दोन ते सात. बेचाळीस अंश असताना जमिनीपासून छतापर्यंतची काच म्हणजे तव्याजवळ बसणं. पश्चिम काठावर नदी पूर्वेला येते, सकाळचं ऊन, संध्याकाळी सावली. तेवढ्यासाठी चार पैसे जास्त पडले तरी द्यावेत. नदी वळणं घेते, तेव्हा फोनमधलं होकायंत्र काढून प्रत्यक्ष बघा. पश्चिमेचाच फ्लॅट घ्यायचा असेल तर बाल्कनी निदान दीड-दोन मीटर खोल हवी, आणि उतरतं ऊन आडव्या छज्जाने अडत नाही म्हणून उभ्या सरकत्या झडपा किंवा बाहेरून पडणारे पडदे हवेत. ते लावायला सोसायटी परवानगी देईल का, की दर्शनी भाग बदलायला बंदी आहे? बानाखतात बघा. नामवंत आर्किटेक्टच्या इमारतीत हे कलम हमखास कडक असतं.

आर्किटेक्टचं नाव: कोणी काढलं, कोणी बांधलं

लक्ष्मीविलास राजवाड्याचं डिझाइन चार्ल्स मँटचं. तो १८८१ मध्ये वारला आणि १८९० मध्ये काम पूर्ण झालं ते रॉबर्ट चिझमच्या हाताखाली. तेव्हा ब्रोशरवरचं नाव आणि साइटवरचा माणूस वेगळे असण्यात बडोद्याला नवं काही नाही. तुम्हाला फक्त माहीत असायला हवं. गुजरेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर आर्किटेक्टचं नाव असतं. ते ब्रोशरवरच्या नावाशी जुळवा. वेगळं असेल तर मोठ्या नावाने फक्त संकल्पना दिली असते आणि बांधकामाची ड्रॉइंगं, साइटवरची देखरेख दुसऱ्याची असते. यात बेकायदा काही नाही. पण विचारा: दर्शनी भागाची तपशीलवार ड्रॉइंगं कोणाची? साइटला कितीदा येतात? साहित्य बदलायचं झालं तर कोणाची सही लागते?

नाव टिकतं ते साहित्यात. म्हणून काचेची जाडी आणि जात, ॲल्युमिनियम सेक्शनची कंपनी आणि मालिका, दगड, लिफ्टची कंपनी आणि वेग, नळजोडण्यांची कंपनी हे सगळं बानाखताच्या परिशिष्टात नावानिशी हवं. ‘नामांकित कंपनीचे किंवा तत्सम’ या चार शब्दांत सगळं वाहून जातं. जाहिरातीत किंवा माहितीपत्रकात खोटं सांगितलं आणि त्यावर विसंबून पैसे भरले, तर रेरा कायद्याच्या कलम १२ खाली भरपाई किंवा व्याजासह परतावा मागता येतो. त्यासाठी ब्रोशरची प्रत तारखेसह जपून ठेवा. मंजूर नकाशात तुमच्या फ्लॅटपुरता बदल तुमच्या संमतीशिवाय, आणि एकूण लेआउटमध्ये बदल दोन तृतीयांश खरेदीदारांच्या लेखी संमतीशिवाय करता येत नाही.

चौरस फुटांचा खेळ

दर सांगतात सुपर बिल्ट-अपवर, म्हणजे सामायिक जागेचा वाटा धरून. तुम्ही कार्पेटवर आणा. रेराचं कार्पेट म्हणजे आतल्या भिंतींसह वापरता येणारी जागा. बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी आणि गच्ची त्यात नाहीत. समजा ३,००० फूट सुपर सांगितलं आणि कार्पेट १,७०० निघालं. ५,००० रुपये दर असेल तर किंमत दीड कोटी, आणि कार्पेटवर दर पडला सुमारे ८,८२४. शेजारच्या साध्या इमारतीशी तुलना याच आकड्याने करायची. क्लब हाउस, दुहेरी उंचीची लॉबी आणि नदीकडचा डेक यांचे पैसे त्या फरकात आहेत. ते नको असतील तर दुसरी इमारत बघा, कारण पुढे मेंटेनन्सही त्यांचाच भरायचा आहे.

कागद

वकील करा, आणि तो बिल्डरने सुचवलेला नको. मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च, जमीन जुन्या शरतीची की नव्या शरतीची (नवी असेल तर सरकारी प्रीमियम भरल्याचा कागद), बिनशेती हुकूम, टीपी (नगररचना) स्कीमचा फायनल प्लॉट क्रमांक, महापालिकेची रजाचिठ्ठी (बांधकाम परवानगी), आणि बँकेचा बोजा. सात-बार, इंडेक्स टू वगैरे गुजरातीत येतात; समजत नसेल तर वाचून घ्या, अंदाजाने सही नको. शहराच्या काही भागांना अशांत धारा, म्हणजे अशांत ठरवलेल्या भागातल्या मालमत्तेच्या हस्तांतरणावर नियंत्रण ठेवणारा कायदा, लागू आहे. तिथे दस्तावेजाआधी कलेक्टरची परवानगी लागते. पत्ता त्या यादीत आहे का हे टोकन देण्याआधी विचारायचं, नंतर नाही.

गुजरेरावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, पूर्णतेची तारीख आणि तिमाही प्रगती असते. नोंदणीकृत बानाखताशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. दीड कोटीच्या फ्लॅटला ही मर्यादा १५ लाख.

पैसे

त्याच दीड कोटीवर: मुद्रांक शुल्क ४.९ टक्के, ७.३५ लाख. नोंदणी फी १ टक्का, १.५ लाख, खरेदीदार एकटी स्त्री असेल तर ही फी माफ, म्हणून कागद कोणाच्या नावे करायचा हे घरात आधी ठरवा. शुल्क जंत्री आणि प्रत्यक्ष किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर. बांधकाम चालू असेल तर जीएसटी ५ टक्के, ७.५ लाख, बीयू आल्यानंतर घेतलात तर जीएसटी नाही. ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा. तो किमतीतूनच जातो, वरून नाही. जुना फ्लॅट परदेशस्थ मालकाकडून घेत असाल, आणि बडोद्यात असे पुष्कळ, तर हा १ टक्का लागू नाही. दर बराच जास्त असतो, सीएला विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

याशिवाय ‘एक्स्ट्रा’ नावाचा कागद असतो: एमजीव्हीसीएल (वीज कंपनी), गॅस, लीगल, क्लब, मेंटेनन्स डिपॉझिट. बेरीज बानाखताआधी लेखी घ्या. मासिक मेंटेनन्स दर सदस्यामागे ७,५०० च्या वर गेला आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांहून जास्त असली की त्यावर १८ टक्के जीएसटी येतो. आलिशान इमारतीत दोन्ही सहज होतं. वाडा विकून येणाऱ्यांनी भांडवली नफ्यावरचा कर वाचवायची मुदत बघावी: तयार घरासाठी विक्रीनंतर दोन वर्षं, बांधकामासाठी तीन. बिल्डरचा ताबा लांबला की ही मुदतही अडचणीत येते.

ताबा घेताना

बीयूची प्रत पाहिल्याशिवाय किल्ली घेऊ नका. फायर एनओसीही बघा, आणि जिन्याची दारं फर्निचर लावून अडवलेली नाहीत हेही.

बाथरूम आणि बाल्कनीचे ट्रॅप (पाणी जायची तोंडं) बंद करून इंचभर पाणी ४८ तास साठवा आणि खालच्या मजल्यावरचं छत बघा. बाल्कनीची फरशी आतल्यापेक्षा निदान २० मिलिमीटर खाली हवी. पश्चिमेच्या खिडक्यांवर बाहेरून दहा मिनिटं पाइपने पाणी मारा. सरकत्या खिडकीच्या रुळातली पाणी बाहेर जायची भोकं सिमेंटने बुजलेली असतात, तिथूनच पहिल्या वादळात पाणी आत येतं. काचेचा कठडा निदान एक मीटर उंच आणि लॅमिनेटेड हवा. नुसती टफन काच फुटली की पूर्ण खाली येते.

सापडलेलं सगळं फोटोसह ईमेलने कळवा. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला, कामाच्या दर्जाचा किंवा सेवांमधला दोष तुम्ही कळवल्यापासून ३० दिवसांत बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. बीयूपासून तीन महिन्यांत दस्तावेज आणि सामायिक जागेचं हस्तांतरण व्हायला हवं.

विमा दोन. घरासाठी भारत गृह रक्षा पॉलिसी. पूर त्यात मुळातच धरलेला आहे, आणि घरातल्या सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत आपोआप संरक्षण मिळतं. सामायिक पॅनेल, लिफ्ट, पंप यांचा विमा सोसायटीने वेगळा घ्यावा लागतो, पहिल्याच सभेत तो विषय काढा. गाडीला इंजिनच्या संरक्षणाची जोड घ्या. आजव्यातून पाणी सोडल्याची बातमी आली की गाडी तळघरातून काढून उड्डाणपुलावर किंवा उंच रस्त्यावर नेऊन ठेवायची, आणि कधी पाण्यात सापडलीच तर चावी फिरवायची नाही. टो करून न्यायची. पाण्यात उभ्या गाडीचं इंजिन सुरू करायला गेलं की साधी साफसफाई राहते बाजूला आणि इंजिनच उघडावं लागतं.